फर्म्यात बसवलेले बाबा

आमच्या भाऊजींना छापखान्यात सगळे ‘मिलीमीटर’ म्हणतात आणि त्यांना तो मानाचा किताब वाटतो. पुस्तकांच्या फायली छपाईच्या मापात बसवून देणं हे त्यांचं काम. एखाद्या लेखकाने भलत्याच मापाची फाइल आणली की यांचं डोकं सटकतं. यंत्र पानाची कड जिथे कापतं ती कापरेषा. “तिच्या बाहेर गेलं, की गेलं!” असं ते लेखकाला दटावतात. घरीही तेच. भिंतीवरचा फोटो जरा कलला तरी यांच्या घशाखाली घास उतरत नाही. ताईने या माणसाशी एवढी वर्षं संसार कसा केला, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

तर आमच्या बाबांनी पुस्तक लिहिलं. बाबा घड्याळजी. आयुष्यभर भिंग लावून इवल्याशा चक्रांशी झटले, त्याची वसुली आता डोळ्यांनी चालवली आहे. आहे ती नजरही फार टिकणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. मग बाबा आठवणी सांगत गेले आणि ताईने त्या कॉम्प्युटरवर चांगल्या ठळक, मोठ्या अक्षरांत उतरवल्या. बाबांचा हट्ट एकच होता. “तुमच्या आईवरचं प्रकरण छापील पुस्तकात माझं मी वाचणार. कुणी वाचून दाखवायचं नाही.”

फाइल बघून भाऊजींनी कपाळाला हात लावला. “ही फाइल आहे की दुकानाची पाटी?”

मी म्हटलं, “भाऊजी, बाबांना दिसायला हवं.”

“मेहुणीबाई, दिसण्याचं माझ्यावर सोडा.”

सोडलं. तिथेच आमचं चुकलं.

मोठ्या कागदावर सोळा पानं एकदम छापतात, त्याला फर्मा म्हणतात. भाऊजींनी पुस्तक नेहमीच्या मापात आणलं, तरी दोन पानं शेवटच्या फर्म्याबाहेर सांडली. दोन पानांसाठी नवा फर्मा आणि बाकीची पानं कोरी! त्यांच्या जिवाला चैन पडेना. त्यांनी अक्षर जरा लहान केलं. अजून थोडं दाबलं तर अख्खा फर्मा वाचतो, हे दिसल्यावर तर त्यांच्या अंगातच आलं. कड नीट तपासता यावी म्हणून ते पडद्यावर प्रत्येक पान दुप्पट मोठं करून बघत होते. तिथे अक्षरं काय टपोरी दिसायची! आधी एक पान खऱ्या मापात छापून बघा, असं लेखकांना ते ऊठसूट बजावतात. पण घरच्या पुस्तकाला कशाला हवंय ते?

पुस्तक आलं. समास, कडा, कण्यावरचं नाव, सगळं काटेकोर. भाऊजी शाबासकीची वाट बघत उभे. बाबांनी चष्मा पुसून आईचं प्रकरण उघडलं. पुस्तक जवळ नेलं, लांब धरलं, खिडकीपाशी गेले. शेवटी खणातून घड्याळाचं जुनं भिंग काढून डोळ्याला लावलं. तेही हरलं. भाऊजींना चांगलं फैलावर घ्यावं असं मनात होतं, पण बाबांचा चेहरा बघून मला रडूच आलं.

“बाबा,” भाऊजी चाचरत म्हणाले, “सगळं अगदी कापरेषेच्या आत आहे हो.”

“आहे ना.” बाबांनी पुस्तक मिटलं. “मीच तेवढा बाहेर राहिलो, जावईबापू.”

भाऊजींनी चपला घातल्या आणि छापखान्याची वाट धरली.

त्यांनी तिथे बनवून आणलेली एकुलती एक प्रत कुठल्याही मापात बसत नाही. तिची शेवटची पानं कोरी आहेत, आणि कपाटात ती उभी राहत नाही. बाबांच्या मांडीवर मात्र नीट मावते. ते ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत वाचतात. परवा ते आईच्या प्रकरणात होते आणि समोर भिंतीवरचा आईचा फोटो चांगलाच कलला होता. भाऊजींनी तो दारातूनच पाहिला. बाबांचं पान संपेपर्यंत ते तिथेच उभे राहिले आणि फोटोला हात लावला नाही.