दोनशेवीसपर्यंतचे आकडे

आज लहान पातेल्यातले दूध उतू गेले आणि त्या करपट, गोडसर वासाने मला एका जुन्या सकाळी आमच्या गाडीत नेऊन बसवले. बाबांची दृष्टी अंधुक झाल्याने त्यांनी गाडी विकायला काढली होती, आणि पन्नाशीतल्या आईने नवा परवाना हाती घेऊन ती स्वतः चालवण्याचा हट्ट धरला होता. "मुलुंडहून घाटकोपरला नीट ने, मग बघू," बाबा म्हणाले आणि तिच्या शेजारी बसले. मी मागे, तापलेल्या रेक्झिनच्या आणि तिच्या मोगऱ्याच्या वासात. "वेगाचा काटा कुठे आहे गं?" बाबांनी विचारले. "चाळीसवर." "ऐंशीच्या पुढे पोलीस पावती फाडतात, तू चाळीस सोडत नाहीस. मग दोनशेवीसपर्यंत आकडे काय शोभेला छापलेत?" आईने रस्त्यावरची नजर हलवली नाही. "अहो, लिटरभर दूध तापवायला मी लिटरभराचंच पातेलं घेते का? वर जागा नको?" तेवढ्यात पुलाच्या चढावर एक ट्रक भोंगा वाजवत अगदी मागे येऊन भिडला. आईने ओठ घट्ट मिटले, गिअर बदलला. इंजिनाचा आवाज भरून आला, पण कण्हला नाही, आणि काटा साठवर सहज चढला. चढ सरताच तिने तो पुन्हा खाली आणला. बाबा कान देऊन ऐकत होते. "ताकद शिल्लक आहे अजून गाडीत," ते हळूच म्हणाले. "गाडीतच?" आईने विचारले. घाटकोपरला उतरताना त्यांनी खिशातली गाडीची दुसरी किल्ली काढली आणि चाचपडत तिच्या तळहातावर ठेवली. मी शेगडी पुसली आणि मोठे पातेले चढवले.