आईच्या तिकिटाचे मैल

लग्न होऊन मी किन्हवलीला आले तेव्हा माझा धाकटा दीर पाचवीत होता. त्याचा अभ्यास मी घेतला, डबा मी भरला, नोकरीच्या पहिल्या मुलाखतीचा शर्टही मीच इस्त्री केला. पुढे तो कल्याणला एका बँकेची क्रेडिट कार्डं विकायला लागला. एका रविवारी विमानाचे मैल देणाऱ्या कार्डाचा फॉर्म घेऊन घरी आला. शाळेत मुलांना मी प्रश्न दोनदा वाचायला लावते. इथे मात्र चष्मासुद्धा शोधला नाही. त्याने बोट ठेवलं तिथे सही केली.

माझी बहीण मस्कतला असते. तिच्या बाळंतपणाला मी मेच्या सुट्टीत जाणार होते. आईलाही नातवंड बघायचं होतं, पण दोन तिकिटं एकदम झेपणारी नव्हती. त्या दिवशी आई टोकावड्याहून आलेली, समोरच बसली होती. दीर म्हणाला, "वैनी, भायेर जेवढं स्वाइप कराल ना, तेवढे मैल डबल. तुमी परत आलात का मावशींचं तिकीट फुकट."

आईने दुसऱ्याच आठवड्यात त्याच्यासाठी घरचा जुना तांदूळ धाडला, आणि आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्टचा अर्ज केला. चौकशीला पोलीस आले तेव्हा अर्धी आळी गोळा झाली. म्हातारी विमानात बसणार, हे सगळ्या टोकावड्याला कळलं.

आमच्याकडे लावणीला सावड घालतात. आज तुम्ही आमच्या शेतात राबा, उद्या आम्ही तुमच्या. मस्कतला बहिणीच्या बिल्डिंगमध्ये मी मैलांची सावड घातली. बहिणीचं हॉस्पिटलचं बिल, खालच्या मजल्यावरच्या केरळी बाईंचा फ्रिज, मेहुण्यांच्या मित्राच्या गाडीचे टायर, सगळं माझ्या कार्डावर. ते मला रोख रियाल द्यायचे, मी तोऱ्यात कार्ड पुढे करायची. "आजीच्या तिकिटासाठी," म्हणत लोक हौसेने मला दुकानात घेऊन जायचे. मी खूष होते. बाळंतिणीला सांभाळण्यापेक्षा जास्त मी त्या कार्डाला सांभाळलं.

परत आल्यावर कार्डाचं बिल आलं. प्रत्येक खरेदीखाली आणखी एक ओळ होती, परदेशी व्यवहाराचं शुल्क, आणि त्यावर जीएसटी. शेकड्याला चार रुपयांच्या आसपास. फ्रिजवर, टायरवर, सगळ्यांच्या सगळ्यावर. लोकांनी मला वस्तूची किंमत दिली होती, वरचं सगळं माझ्या पदरचं गेलं. तेवढ्यात आईचं जायचं तिकीट आरामात आलं असतं. मैल मोजले तर ते एका बाजूलाही पुरत नव्हते.

तरी मी त्याच्यावर रागावले नाही, हे सांगायला आज लाज वाटते. मला वाटलं, पोराला माहीत नसेल. तो नुकताच थायलंडहून आला होता. ज्यांनी सगळ्यात जास्त कार्डं खपवली त्यांना ऑफिसने फिरायला नेलं होतं. माझ्यासाठी पर्स घेऊन आला. बिल त्याच्यापुढे ठेवून मी काळजीनेच विचारलं, "तिकडे तुझेही असेच पैसे कापले असतील ना रे?"

तो हसला. "माझे कशे कापतील? मी रोख नेले होते ना. त्या कार्डावर भायेर कोन खर्च करतंय, वैनी?"

मग त्याच्या लक्षात आलं, आपण काय बोललो ते. हसू तोंडावरच राहिलं.

"मग मला का सांगितलंस?"

"टारगेट होतं," तो म्हणाला. आणि वर त्यालाच राग आला. "फॉर्मवर सगळं लिवलेलं असतंय. तुमी शाळेत बाई, तुमी वाचलं नाय त्याला मी काय करू?"

पैसे गेले त्याचं दुःख झालंच. पण मी ज्याला प्रश्न दोनदा वाचायला शिकवलं तो मला हे म्हणत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्याने पाहावं असंही वाटेना. पर्स मी त्याच्याकडे सरकवली.

तेवढ्यात आईचा फोन आला. पासपोर्ट आला होता. मी स्पीकर लावला. "कदी जायाचं गो?" तिने विचारलं. मी फोन दिरापुढे धरला. म्हटलं, सांग.

त्याने घसा साफ केला. "मावशी, दिवाळीला नक्की," तो म्हणाला. अगदी फॉर्मवर बोट ठेवताना होता तोच गोड आवाज.

"देव भलं करो रे तुजं," आई म्हणाली. "या वक्ताला दोन गोनी धाडते."

मी फोन ओढून घेतला. "आई, तुझं तिकीट मी काढते, पगारातून," मी म्हटलं. "आणि त्याला तांदूळ पाठवू नकोस."