शेजारच्या गाळ्यातले काचवाले

काचवाले गिऱ्हाइकाला कधी ‘या, बसा’ म्हणाले नाहीत. गाडी गाळ्यासमोर थांबली की उठायचे, दाराच्या काचेवरून अंगठा फिरवायचे आणि विचारायचे, “कुणी पुसली ही? फरशीच्या फडक्यानं पुसलीय का?” नव्या गाडीला हार घालून हौसेनं आलेला माणूस तिथल्या तिथं ओशाळायचा. गाडीच्या काचांना काळी फिल्म लावून देणारा दुसरा माणूस तेव्हा शहापुरात नव्हता, म्हणून लोक ऐकून घ्यायचे. मी मात्र ऐकून घेत नसे. नऊ वर्षं आमचे गाळे एकमेकांना लागून होते आणि नऊ वर्षं आम्ही भांडलो.

माझा गाळा सीटकव्हरचा. नवरा वाशिंदला कारखान्यात होता. त्याच्या एकट्याच्या पगारात घर ओढलं जाईना, म्हणून मी रेक्झिन शिवायची जड मशीन घेतली आणि हायवेच्या फाट्यावर गाळा भाड्यानं घेतला. सहा महिन्यांनी शेजारी काचवाले आले. मुरबाडकडचे, म्हसा गावाच्याही पुढचे. मुंबईत कुठल्याशा गॅरेजात काम शिकलेले. रोज एसटीनं यायचे, एसटीनं जायचे. दोन गाळ्यांच्या मधे नुसती प्लायवूडची भिंत, तीही वर छतापर्यंत न पोचलेली. माझ्याकडे फोम कापला की त्याची भुकटी उडायची, दोऱ्याचे तंतू उडायचे, आणि भिंतीवरून पलीकडे जायचे. फिल्म साबणाच्या पाण्यानं काचेला आतून चिकटवतात. तिच्याखाली एक कण राहिला तरी तिथं फोड दिसतो, आणि तो पुन्हा बसत नाही. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात ते माझ्या दारात येऊन उभे राहिले. “बाई, माझं काम चालू असंल तवर तुमची मशीन बंद.”

“आणि मी काय करू तोवर? तुमची काच बघत बसू?”

“बसा. शिकाल कायतरी.”

हे त्यांचं बोलणं. काम करताना ते सदरा काढून ठेवायचे, कारण सदऱ्याचे तंतू गळतात. आधी जमीन ओली करून घ्यायचे. हात कोपरापर्यंत धुवायचे, आणि गिऱ्हाइकानं मधेच दार उघडायला हात पुढे केला की त्यालाही धुवायला लावायचे. ब्लेडचं पातं धरून काच घासायला बसले की हाक मारली तरी ओ द्यायचे नाहीत. रबराच्या पट्टीनं फिल्मखालचं पाणी मधून कडेला असं सारत न्यायचे, की त्यांचा कितीही राग आला असला तरी मी दारातून बघत राहायची. हे त्यांना कळलं की ते मुद्दाम पाठ करून बसायचे.

काम संपलं की ते गिऱ्हाइकाला समोर उभं करून सांगायचे, “तीन दिवस काच खाली नाय घ्याची. आठवडाभर धुवायची नाय. पुसायची तर मऊ फडकं न साधं पाणी. ऐकलं काय? आता तुमी सांगा, मी काय सांगितलं.” शिकलेल्या, पिकलेल्या माणसांना ते हे पाठ म्हणायला लावायचे. एकदा किन्हवलीकडच्या एका मास्तरांनी काचेवर रॉकेल आणि वर्तमानपत्र घासून फिल्मला चरे पाडून आणले. “तुमी पोरांच्या पाट्याबी रॉकेलनं पुसता काय?” असं विचारून काचवाल्यांनी मास्तरांना परत पाठवलं. स्टँडकडे जाताना वाटेत उभ्या असलेल्या गाडीच्या काचेला पडदा चिकटवायची रबरी वाटी दिसली, तर मालकाला शोधून काढून बोलायचे. ती गाडी त्यांच्या हातची नसली तरीसुद्धा.

माझ्याशी ते त्याहून वाईट वागले. पाचव्या वर्षी मला लग्नाच्या सीझनची भरपूर कामं आली. मशीन दिवसभर चालायला लागली, मी बंद ठेवायचं नाकारलं. काचवाले सरळ गाळ्याच्या मालकांकडे गेले आणि म्हणाले, “बाईंना काढा, नायतर मी जातो.” मालक वाईट नव्हते, पण त्यांना कटकट नको होती. दिवाळीपर्यंत दुसरीकडे बघा, असं त्यांनी मला सांगितलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा काचवाल्यांना अरेतुरे केलं. ते पातं पुसत उभे होते. म्हणाले, “मी खोटं काय सांगितलं? तुमचा फेस उडतो.” फोमला ते फेस म्हणायचे.

त्यानंतर महिन्याभरातली गोष्ट. पलीकडच्या गावात एका शेठची खडीमशीन होती. त्यानं नव्या गाडीला काचवाल्यांकडून फिल्म लावून घेतली आणि दोनच दिवसांनी दोन माणसं घेऊन परत आला. चारही काचांची फिल्म वरच्या कडेला दुमडून घासली गेली होती. बघताक्षणी कळत होतं, काच खाली घेतलेली आहे. शेठ तंबाखू खायचा. गाडीत बसून थुंकायला काच खाली घेणारच.

“माल खराब लावलास,” शेठ म्हणाला. “हात जोडून माफी माग आन परत लाव.”

“काच खाली घेतलीत तुमी.”

“तू सांगितलंस कुठं?”

“सांगितलं. दोनदा सांगितलं.”

शेठच्या माणसानं काचवाल्यांना खांद्याला धरून भिंतीवर ढकललं. पाण्याची बादली उलटली. आवाज ऐकून मालक आले. शेठला नाराज करणं त्यांना परवडणारं नव्हतं. तो सांगेल तर हा गाळा आजच रिकामा होईल, हे तिथं उभ्या सगळ्यांना दिसत होतं, मलाही. मग शेठ माझ्याकडे वळला. “बाई, तुमी शेजारी आहात. ह्यानं मला काय सांगितलेलं काय? नीट आठवून सांगा. आमच्याकडं सात गाड्या हायत, सगळ्यांना सीटकव्हर लागतात.”

मी काचवाल्यांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. डोळ्यांनीसुद्धा काही मागितलं नाही. ते खाली सांडलेल्या पाण्याकडे बघत होते. मला माझी मशीन दिसत होती, दिवाळी दिसत होती. नुसतं ‘नाय ऐकलं’ म्हटलं असतं तरी चाललं असतं.

“सांगितलेलं,” मी म्हणाले. “तीन दिवस काच खाली घेऊ नका. तुमच्याकडून वदवूनबी घेतलं.”

“तुमची मशीन चालू असते. ऐकू कसं आलं?”

“बंद होती. त्या दिवशी तेवढी ह्यांनी भांडून बंद करायला लावलेली.”

मग मालकच शेठला बाजूला घेऊन गेले, आणि गाडी निघून गेली. सात गाड्यांतली एकही माझ्याकडे आली नाही. काचवाल्यांनी बादली सरळ केली, जमीन पुसली आणि माझ्या दारात आले. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील.

“मालकाकडं मी जे बोललो ते मागं घेणार नाय,” ते म्हणाले. “फेस उडतो तो उडतोच.”

मी त्यांच्या तोंडावर शटर ओढलं. पण मालकांनी मला काढलं नाही, आणि काचवालेही गेले नाहीत. आणखी चार वर्षं आम्ही तसेच भांडलो. मग त्यांना मुरबाडलाच जागा मिळाली. एका सकाळी टेंपो आला, फिल्मची भेंडोळी चढली आणि ते पुढच्या सीटवर बसून गेले. मी आत रेक्झिन कापत होते. त्यांनी हाक मारली नाही, मीही बाहेर आले नाही.

दोन वर्षांनी एका ड्रायव्हरकडून कळलं की काचवाले वारले. थोडे दिवस आजारी होते म्हणे. मी का गेले ते मला नीट सांगता येत नाही, पण एका रविवारी म्हशाची एसटी धरून त्यांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोनं पाणी दिलं, चहा टाकला. मी शहापूरची, शेजारच्या गाळ्यातली, असं सांगितलं.

“नाय गो बाय,” ती म्हणाली, “तुमचं नाव कधी निघालं नाय.”

“शेठचं भांडण झालेलं, ते तरी?”

“ते सांगायचे ना. म्हणायचे, मी गिऱ्हाइकाला मोठ्यानं समजावतो, म्हणून वाचलो.”

मी चहा संपवला, तिच्या हाताला हात लावला आणि निघाले. मेलेल्या माणसाचा इतका राग येऊ शकतो हे मला त्या दिवशी कळलं. परतीच्या एसटीत शहापूर येईपर्यंत मी मनातल्या मनात त्यांना बोलत होते, आणि माझ्या प्रत्येक बोलण्याला ते काय उत्तर देतील, ते मला शब्द न् शब्द ऐकू येत होतं.