कडुनिंब गोड लागला त्याची गोष्ट

समस्त भाविकांस अत्यंत गांभीर्याने कळवतो की, महडच्या वरदविनायकाने माझे प्राण वाचवले, आणि तेही मी धडधडीत खोटं बोललो म्हणून! कृपया हसू नये. निदान इतक्यात तरी.

माझा जन्म नैरोबीचा. साठच्या दशकात आईचा नवस फेडायला एकटा आलो, तेव्हा माझ्या दृष्टीने परदेश म्हणजे खालापूर तालुका. देवावर विश्वास बेताचाच. दर्शन उरकून लोधिवलीला गणूकाकांकडे, म्हणजे वडिलांच्या चुलतभावाकडे पोचलो आणि त्यांच्या भाताच्या बांधावर पायाला काहीतरी चावलं. काय, ते कुणीच पाहिलं नाही.

काकूने धावत येऊन मूठभर पाला माझ्या तोंडात कोंबला. "कसा लागतोय रं?" काकांनी विचारलं. नातलगांनी हातावर ठेवलेल्या पदार्थाला नावं ठेवायची नाहीत, ही आईची शिकवण. इतकं कडू मी जन्मात खाल्लं नव्हतं. तरी हसून म्हणालो, "छान आहे. अगदी गोड!"

"अगं बाई, इख चढलं!" काकू किंचाळली. सापाचं विष भिनलं की कडुनिंब गोड लागतो, अशी तिथली समजूत. मी खुलासा करू लागलो, तर काका म्हणाले, "आता बरळाया बी लागला!" त्यांनी मला खांद्यावर टाकून हमरस्त्यावर आणलं, तिथे पेंढ्याचा एक ट्रक आपणहून थांबला. ड्रायव्हरने काही न विचारता मला उचलून आत घेतलं आणि कर्जतच्या सरकारी दवाखान्यात पोचवलं. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं, ते आजवर राहिलंच आहे.

मी कुतूहलाने बघत राहिलो. आमच्याकडे नैरोबीत गोऱ्यांचा दवाखाना वेगळा, आमचा वेगळा, काळ्यांचा तिसरा. इथे एकाच बाकावर एका बाजूला डोंगरवाडीतली तापाने फणफणलेली कातकरी म्हातारी, दुसऱ्या बाजूला एका गावचे पाटील, मध्ये मी. म्हातारीने माझा पाय पाहिला आणि आपला नंबर मला दिला. डॉक्टरांना मी सांगत होतो, "अहो, पाला कडूच होता, मी ठणठणीत आहे," एवढ्यात हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. चावलं होतं ते फुरसं, विषारी साप. सलाइनमधून विषावरची लस थेंब थेंब उतरत होती, माझ्या हातात करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं, आणि आईने न सांगता मी पहिल्यांदा हात जोडले. आपण खरे, शहाणे झालो की मग देव धावतो, असं मला वाटे. तो बिचारा आहे त्या मालावर भागवतो.

घरी सोडताना डॉक्टर काकांवर उखडले. "पाला कसला चारता? आधी इथे आणायचं! हे खरं बोलले असते तर काय केलं असतंत?"

काका चटकन बोलून गेले, "काय करनार सायेब? चा पाजून निजवला असता!"