आखाजीच्या रेघा

आमच्या खात्यात फाइल बंद होते, किस्सा काही बंद होत नाही. मी जळगावात बाल संरक्षणाचं काम करतो. एखादं मूल एकटं सापडलं, किंवा घरी त्याचे हाल होतात अशी तक्रार आली, की ते बालगृहात येतं आणि मी त्याच्या घरी चौकशीला जातो. घर कसं, माणसं कशी, मुलाचं कोण बघतं, सगळं लिहायचं. मग बालकल्याण समिती ठरवते, मूल परत द्यायचं की नाही. फॉर्म आठ पानी आहे. त्यात जे मावत नाही ते माझ्याकडे साठत जातं. घरी ऐकायला कुणी नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. नावं अर्थातच बदलली आहेत.

*

मेहरूणमधलं एक घर. एकच खोली, पण कोपऱ्यात हा भलामोठा फ्रिज! मी खुशीत टिक मारली. तेवढ्यात शेजारीण दार ढकलून आत आली, सरळ फ्रिज उघडला आणि पातेलं काढलं. मी बघतच राहिलो.

"दूध लेवाले उनी, साहेब. फ्रिज मना शे ना!"

फ्रिज शेजारणीचा निघाला, तशी मुलाची आई रडायच्या बेताला आली. तिला वाटलं, आता पोरगा गेला. मी म्हटलं, "ताई, फ्रिज नाही म्हणून कुणी मूल अडवत नाही." तरी ती घाईघाईने पसारा आवरायला लागली. चौकशीला माणूस आला की आईबापांना आपलं घर एकदम परकं दिसायला लागतं.

फॉर्मात पुढचा रकाना होता, 'शेजाऱ्यांशी संबंध'. मी लिहिलं, 'अत्यंत चांगले!'

*

नशिराबादच्या एका आजीला विचारलं, "घरात कोण कोण असतं?" आजीने नऊ नावं सांगितली. लिहून झाल्यावर कळलं, नववं नाव शेळीचं होतं!

मग आजीने मलाच धरलं. "आता तुमचं सांगा. तुमच्या घरी कोन कोन हाये?"

"मी एकटाच, आजी."

आजीने माझ्या फॉर्मकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मंग तुमची चौकशी कोन करतं?"

*

सुकदेवभाऊ फैजपूरकडचे. केळीचे घड कापायला मजुरीने जातात. बायको तीन वर्षांपूर्वी वारली. आठ वर्षांची कावेरी, एवढंच त्यांचं माणूस. सुट्टीच्या दिवशी बाप पहाटेच कामाला गेला, आणि ही त्याला शोधायला बसमध्ये बसली ती जळगावच्या स्टँडवर उतरली. पोलिसांनी बालगृहात आणलं. 'बापाचं लक्ष नाही', अशी नोंद झाली आणि प्रकरण माझ्याकडे आलं.

समिती मंगळवारी बसते, एवढंच कुणीतरी भाऊंना सांगितलं होतं. दर मंगळवारी मजुरी बुडवून यायचे, बालगृहासमोरच्या लिंबाखाली पिशवी मांडीवर घेऊन बसायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचे. तिसऱ्या मंगळवारी मी विचारलं, "आत जाऊन भेटत का नाही?"

"कोनी बलावलं न्हाई ना."

"अहो, बोलवायचं कशाला? परवानगीचा अर्ज करायचा. पोरीला भेटायचा तुम्हाला हक्क आहे!"

तीन आठवडे हे त्या माणसाला कुणीच सांगितलं नव्हतं. त्यात मीही आलोच. मी अर्ज लिहून दिला, भाऊंनी अंगठा उठवला. दारात गेल्यावर चप्पल काढून हातात घेतली आणि मला विचारलं, "चप्पल भाइरच ठिऊ का?"

अर्धा तास भेट झाली. तिने पिशवीतली केळी खाल्ली, त्याने साली गोळा केल्या.

*

आमचे शिपाई रमणआबा एका वाक्यात माणूस आडवा करतात. माझी बायको आणि मुलगा धुळ्याला असतात. आम्ही वेगळे झालो तेव्हा मंदार सात वर्षांचा होता. महिन्यातून दोन रविवार, दुपारी दोन ते चार, असा भेटीचा हक्क मला कोर्टाने दिला. धुळ्याला बागेत एका बाकावर बसतो आम्ही. "काय खाशील?" "काही नाही." "शाळा?" "बरी." मग तो मोबाइल बघतो आणि मी त्याला.

एका मंगळवारी खिडकीतून मी सुकदेवभाऊंकडे बघत होतो. आबा चहा ठेवता ठेवता म्हणाले, "त्याचा मंगळवार, तुमचा रविवार. बाकी काय फरक हाये, साहेब?"

चहा तसाच राहिला.

*

गृहभेटीचा दिवस आधी कळवला होता. गेलो तर भाऊंचं घर नुसतं झगझगत होतं! ताज्या चुन्याचा वास, कोरी भिंत, सारवलेली जमीन. दोन भांडी, एक खाट. बाकी काही नाही.

"मुलीचे कपडे, दप्तर?"

"काढून टाकलं सगळं," भाऊ हौसेने म्हणाले.

कुठे काढून टाकलं, ते विचारायला हवं होतं. पण माझी परतीची एसटी चुकेल म्हणून मला घाई होती. 'घरात मुलीच्या वस्तू आढळल्या का?' या रकान्यात मी लिहिलं, 'नाही.' पाणीसुद्धा न पिता निघालो. त्या 'नाही'ने ती पोर अठरा वर्षांची होईपर्यंत बालगृहात राहिली असती.

*

समितीपुढे अहवाल ठेवला. अध्यक्ष मॅडम म्हणाल्या, "आधी वाचून दाखवा. आपल्याबद्दल काय लिहिलंय ते बापाला कळायला नको? हक्क आहे त्यांचा."

मग काय! आपलंच अक्षर, आपल्याच तोंडाने, समोर तो माणूस. 'वस्तू आढळल्या नाहीत' हे वाक्य आलं तशी भाऊंनी मान वर केली.

"साहेब येनार म्हून चुना मारला ना! तिचं सामान भैनीकडं ठिवलं, पसारा दिसू नये म्हून. भितीवर तिच्या रेघा व्हत्या कोयश्याच्या. दर आखाजीले तिले भितीले उभी करतो अन डोक्यावर रेघ मारतो. त्या बी गेल्या चुन्यात."

आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया. मॅडम म्हणाल्या, "किती उंच होत्या?"

भाऊ उभे राहिले. हात मांडीवर ठेवला. "पयली इथं." मग कमरेवर. "ही तिची माय गेली त्या साली." मग बरगडीवर. "ही औंदाची." हात त्यांनी तिथेच धरून ठेवला, जणू उचलला तर ही रेघही पुसली जाईल.

मॅडमनी कावेरीला बोलावलं. ती आली, कुणी न सांगता बापाला पाठ लावून ताठ उभी राहिली. तिचं डोकं त्या हाताच्या वर आलं. भाऊंनी वाकून पाहिलं.

"दोन बोटं वाढली!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमच्याकडं जेवन चांगलं हाये, साहेब."

अहवालात मी खाली स्वतः लिहिलं, 'चौकशी अपुरी होती, चूक माझी.' मॅडमनी त्याच दिवशी पोर बापाच्या हाती दिली. भाऊ मला नमस्कार करून गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

*

या दिवाळीच्या सुट्टीत मंदार पहिल्यांदाच माझ्याकडे जळगावला आला. आता तेरा वर्षांचा आहे. तो येणार म्हणून मी मालकांच्या मागे लागून खोलीला रंग लावून घेतला होता. नवी चादर, नवे दोन कप. त्याने दारात बूट काढले आणि सगळीकडे एकदा नजर फिरवली.

"पप्पा, इथे कोण राहतं?"

मी आत जाऊन पाणी आणलं. ते त्याने प्यायलं. मग मी त्याच्या सॅकमधून पेन्सिल मागून घेतली आणि म्हटलं, "भिंतीला पाठ लावून उभा राहा."

तो हसला, पण राहिला. माझ्या कानापर्यंत आला होता! मी त्याच्या डोक्यावर रेघ मारली. त्याने वळून ती पाहिली, बोटाने चाचपली आणि मग खालची कोरी भिंत निरखत राहिला.

"आधीच्या कुठे आहेत?"

मी हात मांडीवर ठेवला. मग कमरेवर नेला, मग बरगडीवर, तो सात वर्षांचा असतानाच्या उंचीवर. त्याच्या वर हात कुठे न्यायचा, ते मला कळेना.