‘नामंजूर’च्या पुढची ओळ

कोर्टात नोकरी केलेल्या माणसाला किस्से आठवावे लागत नाहीत, अडवावे लागतात. मी एकतीस वर्षं स्टेनो होतो. साहेब बोलणार, मी टिपून घेणार. रिटायर होऊन सांगलीत स्थायिक झालो, पण सकाळी नदीकाठी फिरायला गेलं की आमच्या कंपूतलं कुणीतरी म्हणतंच, "पवार, सोडा एखादा!" एक सोडला की मागनं दुसरा येतोच. आज एकाच साहेबांचे सांगतो. कोर्ट कुठलं ते विचारू नका, कृष्णाकाठचं होतं एवढं पुरे.

*

साहेबांचं नाव साळुंखे समजा. माणूस लाखात एक. कुणाच्या घरचा चहासुद्धा घेणार नाहीत. निकालपत्र लिहायला बसले की पानंच्या पानं, पण अर्ज फेटाळायचा असला की तीन शब्द. "वाचलं. ऐकलं. नामंजूर."

खालच्या कोर्टानं शिक्षा दिलेल्या माणसाचं अपील आमच्याकडं यायचं. त्याला एक अर्ज जोडलेला असायचा, की अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षा थांबवा आणि जामिनावर सोडा. साहेब असले अर्ज चहा गार व्हायच्या आत निकाली काढायचे. एकदा एक वकील अर्धा तास बोलायच्या तयारीनं आले. चष्मा पुसून डोळ्याला लावेपर्यंत ऑर्डर झाली होती! बिचारे म्हणाले, "साहेब, मी अजून सुरुवातच केली नाही."

साहेब म्हणाले, "म्हणून तर लवकर संपलं."

*

साहेबांना कारण विचारायची हिंमत जगात फक्त वहिनीसाहेबांची. एका रविवारी दोघं पाचगणीला गेली होती. येताना वहिनी म्हणाल्या, स्ट्रॉबेरी घेऊ या. साहेब सवयीनं म्हणाले, "नामंजूर." वहिनी म्हणाल्या, "का?"

ड्रायव्हर सांगत होता, पसरणीचा अख्खा घाट उतरेपर्यंत साहेब कारणं देत होते. वाईत पोचल्यावर त्यांनी गाडी वळवायला सांगितली आणि परत वर जाऊन दोन पेट्या घेतल्या.

*

आता माझा गुन्हा कबूल करतो. कॉम्प्युटर आल्यावर मी एक नमुना करून ठेवला. "गुन्हा गंभीर आहे, अर्जदार फरार होण्याची दाट शक्यता आहे, सबब अर्ज नामंजूर." साहेब "नामंजूर" म्हणाले की नुसतं नाव बदलायचं, प्रिंट काढायची. लय सोयीचं होतं!

एकदा एक म्हातारे माजी सैनिक होते. बांधाच्या भांडणात शिक्षा झालेली, खुब्याचं हाड मोडून सरकारी दवाखान्यात आडवे. त्यांच्या कागदावरही मी तेच छापलं. त्यांच्या वकिलानं ते माझ्या टेबलावरून उचलून भर कोर्टात वाचलं आणि विचारलं, हे फरार होणार ते कॉटसकट का? सगळं कोर्ट हसलं. साहेबांची सही व्हायची होती म्हणून माझी नोकरी वाचली. कागद फाडला, अर्ज मंजूर झाला, आणि त्यानंतर मी नमुना सोडून साहेबांचे तीनच शब्द छापू लागलो.

पण आजोबांनी त्या फाटक्या कागदासाठी निरोप धाडला. म्हणाले, "डॉक्टर म्हणतोय ह्यो चालायचा न्हाई. कोर्टाला तरी वाटतंय पळंल. द्या की तेवढा."

*

आमचा पट्टेवाला तुकाराम. साहेब कारण देत नाहीत म्हटल्यावर बाहेर व्हरांड्यात ते खातं त्यानं सांभाळलं. अर्ज फेटाळला गेला की नातेवाईक त्याला गाठायचे, आणि तो कुणालाच रिकाम्या हातानं पाठवायचा नाही. एकाला सांगायचा, तुमच्या वकिलानं लांबण लावली. दुसऱ्याला, साहेबांचं डोकं दुखत होतं. तिसऱ्याला, आज मंगळवार. माणसं समाधानानं घरी जायची.

एक दिवस हायकोर्टातल्या एका अर्जाची नक्कल आमच्याकडं आली. त्यात चौथा मुद्दा होता, की खालील न्यायालयाने केवळ मंगळवार असल्याच्या कारणावरून अर्ज फेटाळला!

तुकाराम महिनाभर मुका झाला होता.

*

त्या मुक्या महिन्यातच यल्लव्वा आली. जत तालुक्यातली मेंढरंवाली बाई. तिच्या नवऱ्याला, बिराप्पाला, मेंढरं शेतात शिरल्याच्या मारामारीत दोन वर्षं लागली होती. अपील उभं राहायलाच दोन वर्षं लागणार, म्हणजे तो निर्दोष ठरला तरी शिक्षा भोगूनच. कळप तिच्या एकटीच्या गळ्यात, चारा संपलेला, आणि लोकं मेंढरं घेऊन खाली नदीकडं निघालेली.

साहेबांनी अर्ज फेटाळला. बाई माझ्या टेबलाशी आली. मी कागद वाचून दाखवला.

"सायेब न्हाई म्हणले, ते कळलं," ती म्हणाली. "का न्हाई म्हणले?"

मी म्हणालो, कागदात एवढंच आहे. ती म्हणाली, मग बिराप्पाला तुरुंगात जाऊन काय सांगू? खरं सांगतो, त्या दिवशी डबा गोड लागला नाही.

*

तिच्या वकिलानं हायकोर्ट गाठलं. महिन्याभरात कागद परत. का नाकारता ते लिहा, अर्ज पुन्हा ऐका. साहेब लाल झाले. सुनावणी झाली आणि मला चेंबरमध्ये बोलावून म्हणाले, "घ्या पवार, कारणांचा पाऊस पाडतो."

पहिलं कारण सांगितलं, मेंढपाळ माणूस, सहा महिने फिरतीवर, पळून जाईल. मी लिहिलं. साहेबांनी आधारासाठी खालच्या कोर्टाचा रोजनामा उघडला. प्रत्येक तारखेला ‘आरोपी हजर’. कळप कुठंही असो, गडी तारखेला आलेला. साहेब म्हणाले, खोडा. दुसरं, दुखापत गंभीर. डॉक्टरचा दाखला काढला, तर साधी दुखापत. खोडा. तिसरं, अपील लवकर चालेल. एवढं सांगून साहेबांनी माझ्यामागच्या फायलींच्या ढिगाकडं बघितलं आणि स्वतःच हसले.

"चौथं आहे का तुमच्याकडं?"

म्हटलं, "कॉम्प्युटरमध्ये आहे साहेब, पण ते फरार व्हायचंच आहे."

साहेबांनी खोडाखोडीचं पान बाजूला सारलं. मग म्हणाले, "नवं पान घ्या. अर्ज मंजूर." आणि त्याची मात्र सहा पानं सांगितली. तो हजर राहिला, जखम साधी, अपिलाला वेळ लागणार. लिहिताना मला इतकं बरं वाटत होतं की चहा आला तेही कळलं नाही.

*

बिराप्पा सुटला. आठवड्याभरानं नवराबायको कोर्टात आली, मेंढरं नदीला लागली म्हणून सांगायला. यल्लव्वा म्हणाली, तो कागद वाचून दाखवा. मी म्हटलं, आता कशाला, सुटला की. ती हटली नाही. मग व्हरांड्यात सहाच्या सहा पानं वाचली. बिराप्पा मान डोलवत होता. साहेब जेवणाच्या सुट्टीला निघालेले, ते मागं येऊन थांबले.

वाचून झालं. बाईनं विचारलं,

"हे समदं तवा बी खरंच हुतं न्हवं?"

मी साहेबांकडं बघितलं.

"होतं, बाई," साहेब म्हणाले.