वारा लागलेला उतार

आमच्या घरात वारा सुटला की ताटावरून उठायची रीत आहे. सासऱ्यांनी पाडलेली. मे महिन्यात सांजेला पश्चिमेकडून धूळ उठली, गोठ्याचा पत्रा वाजला, की सगळ्यांनी हातातला घास ठेवायचा आणि अंगणात जाऊन उभं राहायचं. अंगणात उभं राहून वारा थांबत नाही. आमची केळीची बाग तिथून दिसतसुद्धा नाही. तरी उभं राहायचं, कारण तिकडे बाग झोडपली जात असताना आपण जेवणं बरं नाही. लग्न होऊन रावेरला आले त्या वर्षी मी उठले आणि पुढेही उठत राहिले. ताटं झाकून ठेवायचं कामही माझंच असायचं, कारण उठताना ते कोणाला सुचत नसे.

घड लागलेली केळ वरून जड आणि मुळाशी उथळ. तिला लोळवायला थोडा वेळ वारा पुरतो. सकाळी जावं तर सगळी झाडं पूर्वेकडे डोकं करून आडवी पडलेली. लागोपाठ दोन वर्षं आमची बाग अशी आडवी झाली. लगेच हळहळू नका. आमच्या डोक्यावर कोणाचं देणं नाही, पेपरात फोटो यावा असं काही आमच्याकडे घडलेलं नाही. झालं इतकंच, की आमच्या ह्यांनी हाय खाल्ली. "वाऱ्यापुढं कोनाचं चालते व?" हे वाक्य त्यांच्या तोंडी बसलं. यंदापासून केळी बंद, मका लावू, असं त्यांनी ठरवून टाकलं. मक्याशी माझं भांडण नाही. पण ज्या बागेत मी उभी हयात घालवली ती वाऱ्याला भिऊन मोडायची, हे मला पटत नव्हतं. पश्चिमेच्या बांधावर शेवरीची भराभर वाढणारी झाडं दाट रांगांनी लावा, वारा अडेल, असं मी किती वर्षं सांगत होते. पूर्वी तिथे शेवरी होतीच. रान खाते आणि सावली पाडते म्हणून सासऱ्यांनी ती तोडली होती. ह्यांचंही तेच पालुपद, आणि वर हसणं. शेवरी म्हणजे काय भिंत आहे का, म्हणायचे.

अशा मनःस्थितीत आम्ही जानेवारीत गुलमर्गला गेलो. पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलीने सगळं परस्पर ठरवलं होतं. आम्हा दोघांसाठी तीन दिवस बर्फावर घसरायला शिकायचंही ठरवलं होतं, कारण तिच्या मते आम्ही आयुष्यात काही मजा केली नाही. सोबत ह्यांच्या थोरल्या बहीण, आमच्या अक्का. अक्का आल्या म्हणजे दशम्या आणि तिळाची चटणी आलीच.

पहिल्या दिवशी ह्यांनी पायांना त्या लांब पट्ट्या बांधल्या, एकदा पाठीवर आपटले आणि "हे आपलं काम नही" म्हणून चहाच्या टपरीवर जाऊन बसले ते बसलेच. मी मात्र शिकत राहिले. पट्ट्यांची टोकं आत आणि टाचा बाहेर केल्या की वेग कमी होतो, हे दुसऱ्या दिवशी माझ्या पायांना कळलं. पोरांच्या बारक्या उतारावरून मी न पडता खाली येऊ लागले. शिकवणारा तिथलाच, तिशीतला, कमी बोलणारा माणूस होता. तो म्हणाला, उद्या तारेवरच्या पाळण्यात बसून वरच्या उतारावर जाऊ. अक्कांनी कपाळाला हात लावला. "जावई यायच्या वयात पायाले फया बांधून मिरवते," म्हणाल्या. फया म्हणजे फळ्या, आमच्याकडे ळचा य होतो. मी म्हटलं, जावई आला की त्यालाही घेऊन येऊ.

त्या रात्री वारा सुटला. खिडक्या थडथडल्या आणि हे जेवता जेवता उठून उभे राहिले. काश्मीरच्या हॉटेलात, हातात चमचा घेऊन. मला हसूही आलं आणि रागही आला. मी विचारलं, इथे तुमचं काय पेरलंय? ते खाली बसले, पण जेवले नाहीत. मग हळूच म्हणाले, "घरी गेलो का रोपवाल्याले फोन करतो. आपले रोपं धरू नको म्हनतो." जूनच्या लागवडीची रोपं आम्ही आधी सांगून ठेवतो. तो फोन झाला की संपलं.

सकाळी आभाळ निळंशार होतं, पण उतार ओळखू येईना. कालचा भुसभुशीत बर्फ वाऱ्याने पार बदलून टाकला होता. काही ठिकाणी खरवडून नुसती काच उरली होती, काही ठिकाणी तापीच्या वाळूवर उठतात तशा लाटा उठल्या होत्या, आणि बाकी सगळीकडे वर कडक पापडी आणि खाली पोकळ. शिकवणाऱ्याने काठी टोचून पाहिली आणि मान हलवली. "आंटीजी, हवा ने बरफ बिगाड़ दी. आज नहीं."

आम्ही दुसऱ्या दिवशी निघणार होतो, त्यामुळे मला उद्या नव्हता.

"पाह्य," हे म्हणाले. "वाऱ्यानं इथी बी सोडलं नही. चाल, चहा पी."

त्या 'चहा पी'नं माझं डोकं फिरलं. वाऱ्याने केळी पाडली, चहा पी. वाऱ्याने बर्फ बिघडवला, चहा पी. मी ह्यांना म्हटलं, "मी माह्या पायानं वरून खाली आली, तं तो फोन करायचा नही. केयी लावायची." उताराकडे पाहून हिला हे जमणार नाही अशी त्यांना खात्री पटली असावी, कारण चटकन म्हणाले, "बरं. कबूल." अक्का साक्षीला होत्याच.

शिकवणाऱ्याला राजी करायला वेळ लागला. शेवटी त्याने दोन अटी घातल्या. सरळ खाली यायचं नाही, उताराला आडवं जायचं. आणि तो थांब म्हणेल तिथे थांबायचं. पहिली अट मला सांगायची गरज नव्हती. उताराच्या रानात आम्ही नांगरतोही आडवंच.

पाळण्यातून वर उतरले आणि खाली पाहिलं. चहाची टपरी काडेपेटीएवढी दिसत होती. परत फिरावंसं वाटलं, हे कबूल करते. पण परतीच्या पाळण्यात बसले असते तर जन्मभर मका खावा लागला असता.

सुरुवातीच्या काचेवर पट्ट्या करकर वाजल्या आणि मी नको तेवढी खाली घसरले, तरी उभी राहिले. मग पापडी लागली. पापडी लबाड असते. एक क्षण धरते, आपण विश्वास टाकतो आणि ती फुटते. माझा उजवा पाय फोडून आत गेला, पट्टी अडकली आणि मी तोंडावर पडले. उठायला काठी टेकवली तर काठी मुठीपर्यंत आत. शिकवणारा सांगत होता, दोन्ही पायांवर सारखं वजन ठेवा. सांगायला सोपं आहे. माझा उजवा गुडघा दुखतो, म्हणून मी घरात, रानात, देवळाच्या रांगेत, सगळीकडे डाव्या पायावर उभी असते. दोन्ही पायांना बरोबरीने कामाला लावायचं तर आधी दुखणं सोसायचं. मी सोसलं. आडवी गेले, थांबले, एक-एक पट्टी उचलून फिरवली, पुन्हा आडवी गेले. पुन्हा पडले. गळ्यात, कानात, हातमोज्यात बर्फ. एकदा पडल्यावर तशीच पडून राहिले, आणि डोळ्यांसमोर आमची बाग आली, पूर्वेकडे डोकं केलेली. मीही तशीच आडवी पडले होते. इतका संताप आला की वाऱ्याला मी मोठ्याने मेल्या म्हटलं. दोन वर्षं मनात होतं, ते त्या डोंगरावर बाहेर पडलं. शिकवणाऱ्याला मराठी येत नव्हती, पण तो अदबीने दुसरीकडे बघत राहिला.

उठले तेव्हा त्याने काठीने डावीकडे दाखवलं. तिथे देवदारांची एक दाट रांग उतारावरून खाली गेली होती. रांगेच्या अलीकडचा बर्फ दुरून वेगळाच दिसत होता, लाट नाही, चकाकी नाही. "उधर हवा नहीं पहुँची," तो म्हणाला. खोडांपासून लांब राहायला सांगून तो पुढे झाला, आणि मी त्याच्या मागून रांगेच्या आडोशाला शिरले.

पायाखाली एकदम मऊ झालं. रात्रभर जो वारा हॉटेल हलवत होता त्याला ह्या झाडांनी इथे पाऊल टाकू दिलं नव्हतं. रांगेच्या पलीकडे पापडी आणि अलीकडे चाळलेल्या पिठासारखा बर्फ. मी टोकं आत केली, वजन टाकलं आणि वळले. पट्टी न उचलता, चालता चालता वळले. पुन्हा वळले. मला इतका आनंद झाला की मी रडत होते आणि हसत होते, आणि मनात एकच शब्द घोळत होता, शेवरी.

झाडं संपली आणि शेवटचा उघडा पट्टा पुन्हा पापडीचाच निघाला. तिथे दमलेल्यांना ओढून नेणारे घसरगाडीवाले थांबलेले असतात. एकाने गाडी पुढे केली, मी नको म्हटलं. त्या पट्ट्यात आणखी पडले. किती वेळा ते अक्कांना ठाऊक, त्या खालून मोजत होत्या. पण खाली आले, आणि माझ्या पायांनी आले.

"पडलो तरी नाक वर," हे म्हणाले.

"नाक वरच ठेवा लागते," मी म्हटलं. "नही तं बरफात जाते. आनि पडायचं नही असं कुठी ठरलं होतं?"

माझ्या हातातली एक काठी घेऊन ते गुडघाभर बर्फातून देवदारांच्या रांगेपर्यंत चालत गेले. पलीकडच्या बाजूला काठी टोचली, ती वरच अडली. अलीकडे टोचली, ती सरळ आत गेली. त्यांनी पुन्हा दोन्हीकडे टोचून पाहिलं. परत आले तेव्हा म्हणाले, "बरफ अलग, केयी अलग." मी म्हटलं, वारा तर एकच ना. बर्फावरून बागेचा हिशेब लागत नाही हे मलाही समजतं. संध्याकाळी दशमी खाताना त्यांनी मान वर न करता विचारलं, "शेवरीच्या रांगा एक का दोन?"

"दोन," मी म्हटलं.

जूनमध्ये केळी लागली आणि पश्चिमेला शेवरी. ह्या मे महिन्यापर्यंत शेवरी दोन माणसं उंच झाली आणि केळीला घड लागले. परवा सांजेला आम्ही जेवायला बसलो होतो. पश्चिमेकडे धूळ उठली, गोठ्याचा पत्रा वाजला. अक्का आलेल्या होत्या, त्या सवयीने उठल्या आणि अंगणात गेल्या. ह्यांनी घास ताटात ठेवला आणि दाराकडे पाहिलं. मी बसूनच राहिले. वांग्याच्या भरतात भाकरी बुडवली, तोंडात टाकली आणि चावत राहिले. पत्रा आणखी जोरात वाजला. हे माझ्याकडे बघत होते, मी ताटाकडे.

मग त्यांनी ताट पुढे सरकवलं.

"भाकर वाढ," म्हणाले.